माळ्यावरचा पखवाज

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या ताई बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या. थोरला मुलगा पंधरा वर्षांचा, मराठी माध्यमाच्या हायस्कुलात, यंदा दहावीला. वडील बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत कामाला, रोज बसने ये-जा. मुलगा सातवीपासून गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतो. पखवाज आजोबांचा, आजोबा आता नाहीत. नववीला गणितात आणि कन्नडमध्ये मार्क घसरले, तेव्हा मे महिन्यात वडिलांनी पखवाज जुन्या चादरीत बांधून माळ्यावर टाकला. 'दहावी होऊ दे, मग काय वाजवायचं ते वाजव.' मुलगा भांडला नाही. आषाढीला देवळात गेला नाही, गणपतीत आरतीलाही मागे उभा राहिला. पुस्तक उघडून रात्री अकरापर्यंत बसतो, पण पान उलटत नाही. जेवताना बोटं ताटावर वाजतात आणि वडील ओरडले की थांबतात. चाचणीत मार्क काही वाढले नाहीत. ताईंच्या धाकट्या जावेने मोबाईलवर बघितलं की संगीताने मुलांचा मेंदू तल्लख होतो आणि मार्क वाढतात. ताई विचारतात, 'हे खरं असेल तर मी ह्यांना तसं सांगून पखवाज खाली काढायला लावते. खरं नसेल तर मार्चपर्यंत गप्प बसते. तुम्ही खरं काय ते सांगा.'

ताई,

तुमच्या प्रश्नाआधी माझा एक प्रश्न. पखवाज बांधून वर टाकला, तेव्हा डाव्या पुडीवरची, म्हणजे डाव्या तोंडाच्या कातड्यावर आवाजासाठी लावलेली, कणीक कुणी खरवडून काढली होती का? माझ्या माहेरी पखवाज होता. भजन संपलं की उलथन्याने कणीक काढायची आणि ओल्या फडक्याने पुडी पुसायची, हे काम आमच्याकडे पोरांचं. एकदा तसंच राहिलं आणि उंदरांनी कणकेसकट कातडं खाल्लं. यंदाचा तुमच्याकडचा पाऊस, त्यात कौलाखालचा माळा. आजच वर चढून बघा. बाकीचं पत्र नंतर वाचलंत तरी चालेल.

आता तुमच्या जावेचं म्हणणं. ते जसं सांगितलं जातं तसं खरं नाही, आणि मुलाची बाजू घेण्यासाठी मी ते खरं आहे असं तुम्हाला सांगणार नाही. ही समजूत पसरली ती १९९३ सालच्या एका प्रयोगावरून. अमेरिकेत कॉलेजच्या ३६ मुलांना दहा मिनिटं मोझार्ट या पाश्चात्त्य संगीतकाराचं संगीत ऐकवलं, आणि नंतर कागदाच्या घड्या डोक्यात उलगडून बघण्यासारख्या कोड्यांत त्यांनी थोडी सरशी केली. परिणाम टिकला दहा-पंधरा मिनिटं. एवढ्याशा गोष्टीवर पुढे बाळांच्या कॅसेटी विकल्या गेल्या. त्यानंतर बरं काम झालं ते कॅनडात. ग्लेन शेलेनबर्ग यांनी सहा वर्षांच्या १४४ मुलांचे गट केले. काहींना वर्षभर कीबोर्ड, काहींना गाणं, काहींना नाटक, आणि काहींना काहीच नाही. २००४ साली निकाल छापला. संगीतवाल्या मुलांचा बुद्ध्यंक बाकीच्यांपेक्षा साधारण तीन गुणांनी जास्त वाढला होता. तीन म्हणजे फार नाही. मला त्यातली दुसरी ओळ जास्त आवडते. नाटकवाली मुलं हुशारीत पुढे गेली नाहीत, पण इतरांशी वागण्यात सुधारली. ती ओळ कुणी मोबाईलवर पाठवत नाही.

बाकी 'संगीत शिकणारी मुलं अभ्यासात हुशार' हे जे दिसतं, त्यात क्लासची फी भरणारं घर, पुस्तकं असलेलं घर, मुलाला नेऊन-आणून सोडणारं घर, हे सगळं मिसळलेलं असतं. म्हणून ताई, नवऱ्याला मार्कांचं आमिष दाखवून पखवाज खाली काढू नका. जानेवारीत पूर्वपरीक्षेचे मार्क येतील, चार कमी पडले तर पखवाज पुन्हा वर जाईल, आणि तेव्हा तुमच्याकडे बोलायला काही उरणार नाही.

'मग मार्चपर्यंत गप्प बसू?' नाही. तुमचा प्रश्नच मला थोडा उसवायचा आहे. पखवाजाने मार्क दिले तर तो घरात राहणार, नाहीतर माळ्यावर, असा तो प्रश्न आहे. सकाळच्या भाकरीला आपण हा नियम लावत नाही.

आधी वेळेचा हिशोब करू, कारण तुमच्या यजमानांचा मुद्दा तोच आहे आणि तो खोटा नाही. भजन गुरुवारी रात्री आणि एकादशीला, असं तुम्हीच लिहिलंय. महिन्याला सहा बैठकी, अडीच तासांची एक. पंधरा तास झाले. मेपासून आजवर साठ तास तरी वाचले. ते गेले कुठे? पान न उलटता पुस्तकासमोर बसण्यात. वेळ वाचला, पण त्या वेळेत अभ्यास जाऊन बसला नाही. मी तीस वर्षं हायस्कुलात शिकवलं. दहावीच्या वर्षी घरोघरी हेच बघितलं: मुलाचं खेळणं, गाणं, चित्रं काढून घ्यायची, आणि रिकाम्या झालेल्या जागेत अभ्यास आपोआप येईल अशी वाट बघायची.

तुमच्या पत्रातलं दुसरं वाक्य, 'बापाच्या खांद्याला लागला, पण अक्कल अजून लहान पोराची.' हे मात्र तुम्ही शास्त्राच्या फार जवळचं लिहिलंय. डोक्याच्या आत मेंदूचा आकार सहाव्या वर्षीच मोठ्या माणसाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास पोचलेला असतो. म्हणून बरीच वर्षं डॉक्टरांनाही वाटायचं की मुख्य काम तिथेच संपलं. मग अमेरिकेत गीड नावाच्या डॉक्टरांनी त्याच त्याच मुलांचे काही वर्षांच्या अंतराने एमआरआय काढले आणि १९९९ साली दाखवून दिलं की कपाळामागच्या भागातला करडा थर अकरा-बाराव्या वर्षाच्या सुमाराला सगळ्यांत जाड होतो आणि तिथून पुढे पातळ होत जातो. पातळ म्हणजे वाईट नव्हे. शेतात दाट उगवलेलं आपण विरळतो, तसं. वापरातल्या जोडण्या राहतात, बिनवापराच्या बऱ्याचशा जातात, आणि राहिलेल्या तंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध वेष्टण चढून निरोप वेगाने पोचू लागतो. कपाळामागचा हा भाग म्हणजे थांबणं, पुढचं बघणं, राग गिळणं यांचा कारभारी. त्याचं काम पंचविशीपर्यंत चालतं. मान-अपमान, मजा, शाबासकी यांना उसळी मारणारे आतले भाग मात्र वयात येतानाच जोरात कामाला लागतात. पंधराव्या वर्षी हे दोन्ही एका घरात राहतात. तुमच्या घरातला आवाज त्यातलाच.

दोन गोष्टी इथे लगेच सांगते, नाहीतर कुणीतरी याचा उलटा अर्थ काढेल. वर्षभर वाजवलं नाही तर शिकलेलं कायमचं पुसलं जाईल, असं घाबरवणारं कुणी भेटलं तर ऐकू नका. सातवीपासून बसलेला हात असा जात नाही. आणि 'मेंदूच तयार नाही, मग बोलून काय उपयोग' हेही चूक. शांत बसलेला पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा विचार करण्यात मोठ्या माणसापेक्षा फार मागे नसतो. मागे पडतो तो भडकल्यावर, किंवा चार मित्र बघत असताना. म्हणून जेवताना ताट वाजलं की त्याच क्षणी दहावीचा विषय काढू नका.

मित्रांवरून एक आठवलं. २००५ साली गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी संगणकावरचा गाडी चालवण्याचा खेळ वेगवेगळ्या वयाच्या लोकांना दिला, काहींना एकट्याने आणि काहींना मित्र बाजूला बसवून. मोठ्या माणसांचं वागणं फारसं बदललं नाही. पोरं मित्रांसमोर भलतीच धाडसं करू लागली. मला वाटतं, हे प्रत्येक गल्लीतल्या प्रत्येक आईला प्रयोगाशिवाय माहीत आहे. पण त्याची दुसरी बाजू बघा. मित्रांच्या नजरेची ही भूक घेऊन मुलगा कुठेतरी जाणारच. तुमचा मुलगा ती घेऊन देवळात जात होता. तिथे त्याचं धाडस काय, तर अभंग दुगुणीत, म्हणजे दुप्पट लयीत, चढल्यावर एक लांब तुकडा घ्यायचा आणि पंधरा टाळकऱ्यांसमोर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, बरोबर येऊन पडायचं. चुकला तर हसू, साधला तर बुवांची मान हलते. मोटारसायकलवर तिघं बसून घाट उतरण्यापेक्षा मला हे धाडस परवडतं.

आणि त्याच्या हाताकडे कधी नीट बघितलंय का? भजनाआधी तो कणीक मळतो. सैल झाली तर आवाज भसाडा, घट्ट झाली तर पुडीला चिकटत नाही. थोडी लावायची, थाप द्यायची, ऐकायचं, चिमूटभर काढायची, पुन्हा थाप. मग उजव्या बाजूला पेटीच्या सुराशी जुळेपर्यंत हातोडीने वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे ठोकायचे. बाहेर धो धो पाऊस, कातडं उतरलेलं, मंडळी खोळंबलेली, आणि पंधरा वर्षांचा मुलगा घाई न करता कान लावून बसलेला. बुवा आलाप लांबवतात तेव्हा हात वर धरून थांबणं हेही त्यातच आलं. 'याला धीर नाही' असं तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंय. धीर आहे. तो त्या पखवाजाशी बांधलेला आहे. तो तिथून उठून आपोआप गणिताच्या वहीत जाईल असा पुरावा माझ्याकडे नाही. पण 'कणीक कशी जमवतोस, तसंच हे उदाहरण एकदा चुकू दे, परत कर' असं सांगता येतं. मी वर्गात सांगितलं आहे. काही मुलांना ते पोचलं.

कान लावण्यावरून अजून एक अभ्यास सांगते. शिकागोच्या बाजूच्या हायस्कुलांतल्या ४० मुलांवर नीना क्राउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केलं, २०१५ साली ते प्रसिद्ध झालं. काही मुलं शाळेत एकत्र वाद्य वाजवायला शिकली, काहींनी सैनिकी पद्धतीची कवायत केली. शाळा संपेपर्यंत वाजवणाऱ्या मुलांच्या मेंदूची आवाज टिपण्याची तयारी जास्त पक्की झाली आणि शब्दांतले ध्वनी ओळखण्यातही ती पुढे गेली. यात मला महत्त्वाचं वाटतं ते हे की ही मुलं हायस्कुलात आल्यावर शिकू लागली होती. चौथ्या वर्षी क्लासला घातलं नाही म्हणून हळहळणाऱ्या पालकांनी हे लक्षात ठेवावं. (कन्नडच्या पेपरात याने मार्क वाढतील का? पुन्हा तेच विचारलंत ना!)

एक कबुली देते. नोकरीला लागले त्या सुरुवातीच्या वर्षांत, दहावीच्या वर्गातला एक मुलगा भूगोलाच्या तासाला वहीच्या मागच्या पानांवर चित्रं काढायचा. बैलगाड्या, बैलगाड्यांची चाकं, जू. मी वही काढून घेतली आणि 'परीक्षेनंतर ने' म्हणाले. एप्रिलमध्ये तो दाखल्यासाठी आला तेव्हा मी आठवणीने वही पुढे केली. 'असू दे बाई तुमच्याकडंच,' म्हणाला, आणि दाखला घेऊन गेला. पास झाला होता, चांगला पास झाला होता. वही अजून माझ्याकडे आहे. 'नंतर वाजव' म्हटलं की मूल नंतर वाजवतंच, असं मी त्यानंतर धरून चालत नाही.

आता यजमानांबद्दल. फाउंड्रीच्या धगीत दिवसभर उभं राहणाऱ्या माणसाला आपला मुलगा त्या धगीत नको असतो, आणि त्याला दिसणारी एकमेव वाट एसएसएलसी (दहावी), पीयूसी (अकरावी-बारावी), मग कुठलंतरी बरं कॉलेज हीच असते. ही भीती खरी आहे. तिच्याशी भांडू नका. पखवाज वर टाकताना तो त्यांच्या वडिलांचा आहे हे त्यांनाही कळत असणारच. तुमचे दीर म्हणतात ते, 'कुमार गंधर्व व्हायचा आहे काय?' तेवढं मात्र घरात बंद करा. कुमार गंधर्व १९२४ साली आपल्या सुळेभावीत जन्मले आणि पोरवयातच मैफली गाजवू लागले, हा आपल्या भागाचा अभिमान आहे. पण त्या गजाने मोजलं तर बेळगाव जिल्ह्यातल्या सगळ्याच पोरांची वाद्यं माळ्यावर जातील. पखवाजावर पोट भरायचं की नाही हा प्रश्न आज कुणी विचारलेलाच नाही. तुमच्या मुलानेही नाही.

तुमच्यासमोर वाटा तीन. मार्चपर्यंत आहे तसं चालू द्यायचं: यात घरात भांडण नाही, पण चार महिन्यांत काय झालं ते तुम्ही बघितलंय, आणि पुढचे महिने याहून कठीण आहेत. दुसरी, 'सहामाहीत इतके मार्क आण, मग देतो.' बहुतेक घरं हीच वाट धरतात आणि मला ती सगळ्यांत नावडती. ज्या गोष्टीसाठी मूल आपणहून दोन तास मांडी घालून बसतं, तिला बक्षीस बनवलं की तिचीही ट्यूशन होते. तिसरी, पखवाज आत्ता खाली आणायचा, बिनशर्त, पण वर्षाचा आराखडा मुलाने स्वतः करायचा. मी तिसरीच्या बाजूने आहे.

आराखडा त्यानेच, कागदावर. तुम्ही दोघांनी फक्त तारखा सांगायच्या. माझं मत विचाराल तर गुरुवारचं भजन राहू दे, एकादशीचं रात्री साडेनऊला उठून घरी येण्याच्या बोलीवर. कार्तिकातली काकडआरती यंदा रोज नको, रविवारपुरती. सप्ताहात रात्रभर जागर नको, काल्याच्या कीर्तनाला वाजवू दे. दुसऱ्या गावच्या स्पर्धा यंदा नाहीत. हे बुवांनाही जाऊन सांगा, आणि यजमानांनीच सांगितलं तर उत्तम. मंडळातले जाणते लोक समजून घेतात, कारण त्यांचीही नातवंडं दहावीला असतात. परीक्षेच्या महिन्यात घरीच वीस मिनिटं, संध्याकाळी, अभ्यास आणि जेवण यांच्या मधे.

काकडआरतीला मी नको म्हणते ती झोपेसाठी, देवाचा राग नाही. या वयात झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा, तास-दोन तास पुढे सरकून, तयार होऊ लागतं. मुलाला दहाला झोप येत नाही हा आळस किंवा उर्मटपणा नव्हे. आणि त्याला झोप हवी आठ ते दहा तास. अकरापर्यंत बसवून पाचला पाठांतराला उठवलं तर सहा तास होतात. तुम्ही 'पाचला उठवतोच' असं अभिमानाने लिहिलंय, म्हणून सांगते: मार्कांसाठी एकच बदल करायचा तर पखवाजाआधी हा करा. साडेदहाला दिवा बंद, मोबाईल तुमच्या खोलीत, साडेसहाला उठणं. गणित आणि कन्नडसाठी नेमकं कुठे अडतं ते त्या-त्या सरांना भेटून विचारा. ते दुखणं वेगळं आहे, पखवाजाने ना लागलं ना बरं होणार.

हे सदर वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडं. वाद्य, क्लास, फी यांतलं काहीच नसलं तरी चालतं. दिवाळी जवळ आली की बेळगावच्या गल्ल्यांत पोरं माती, दगड, पोती गोळा करून किल्ले बांधायला लागतात. आठवी ते पीयूसीची मुलं बुरुजाच्या उतारावरून तासभर वाद घालतात, एक जण चित्र काढतो, एक जण मावळे रंगवतो. शिवजयंतीच्या चित्ररथाची तालीम, शाळेची एकांकिका, खानापूरच्या कुंभारवाड्यात एखाद्या सुट्टीत चाकावर बसणं, सगळं यात येतं. सोबतीला चार जण असावेत, दाद देणारं घराबाहेरचं एक मोठं माणूस असावं, आणि चुकलं तर परत करता यावं. प्रमाणपत्र आणि ग्रेड परीक्षा यांची घाई नको.

आणि मुलींच्या आयांनो, तुमच्याकडे तर दहावीचं निमित्तही लागत नाही. 'मोठी झाली आता' एवढं म्हटलं की नाच बंद, लेझीम बंद, तालमीला जाणं बंद. निपाणी-चिकोडीकडून येणाऱ्या पत्रांत मुलाचा तबला थांबवावा का असं विचारणारे पुष्कळ असतात. मुलीचा नाच थांबवताना कुणी मला विचारत नाही.

ताई, एका गोष्टीवर मात्र लक्ष ठेवा. पखवाज हाती येऊनही महिनाभरात त्याचं गप्प राहणं सुटलं नाही, जेवण तुटलं, मित्र टाळू लागला, किंवा 'मी नसलो तरी काय' असं काही बोलला, तर भजनावर भरवसा ठेवून थांबू नका. शेवटचं कानावर आलं तर महिना नाही, त्याच दिवशी हालचाल करा. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, फुकट मिळते, मराठीतही बोलता येतं. डॉक्टरांकडे नेण्यात काही कमीपणा नाही.

यजमानांशी बोलणं रविवारी दुपारी करा, जेवणानंतर, मुलगा घरात नसताना. मार्कांचा शब्द काढू नका. त्यांच्या वडिलांच्या मागे टाळ घेऊन ते लहानपणी कधी उभे राहिले होते का, एवढं विचारा, आणि ते बोलू लागले तर ऐका. पखवाज माळ्यावरून त्यांनीच खाली काढावा. वादी (ओढीची कातडी पट्टी) सैल पडली असेल, उजव्या पुडीवरची काळी शाई उडाली असेल तर दुरुस्तीला आठ-पंधरा दिवस लागतात आणि नवरात्राच्या तोंडावर कारागिरांकडे गर्दी असते. म्हणून घट बसायच्या आत नेऊन टाका. मुलालाही सोबत न्या. आवाज त्याच्या कानाला पटला पाहिजे.